सुपडूआबांचा कोरडा पाय

सुपडूआबांची आणि माझी ओळख झाली ती गमबुटाने. म्हणजे त्यांनी मला गमबूट मारला.

धरणगावात माझं दुकान आहे. रेनकोट, गमबूट, ताडपत्री, दोर, बादल्या, फवारणीचे पंप असला सगळा माल. बाजाराच्या दिवशी एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा म्हातारा आत आला, टांगलेल्या गमबुटांतला एक ओढून काढला आणि काउंटरवर धाडधाड आपटायला लागला. काउंटरची काच तेव्हा नवी होती. मी म्हणालो, "आबा, हळू. नवा माल आहे." त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि तोच गमबूट माझ्या दंडावर हाणला. जोरात हाणला. नंतर टाच उलटी करून बघितली आणि म्हणाले, "तुले काई झायं नही, बूटले बी काई झायं नही. दे दोन जोडी."

मी तोंड वासून बघतच राहिलो. बाजारातली माणसं हसत होती, कारण त्यांना हे नवीन नव्हतं. आबा जी वस्तू घ्यायचे ती आधी बडवायचे. दोर घेतला तर दोन्ही हातांनी ताणून खांबावर सपासप मारायचे. बादली दगडावर आदळायचे. फवारणीचा पंप घेताना त्यांनी त्याच्या टाकीत बुक्की घातली होती आणि पहिली टाकी पिचकली म्हणून कंपनीच्या माणसाच्या आईचा उद्धार केला होता. या सगळ्याला त्यांचं एकच सूत्र होतं: "जी चीज मार खास, तीच टिकस." मार खाते ती वस्तू टिकते. हे ते वस्तूंबद्दल म्हणत, माणसांबद्दल म्हणत, आणि बैलांबद्दलही म्हणत. सुपडू हे नावसुद्धा तशातलंच. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्या जन्मल्या त्यांना सुपात घालून उकिरड्याशी नेऊन ठेवलं होतं. दैवाचा मार खाऊन आपण टिकलो, असा त्यांचा स्वतःविषयीचा पक्का समज होता.

तापीच्या काठावर त्यांचं गाव. कपाशीचं शेत होतं, पण शेताकडे लक्ष त्यांच्या बायकोचं, यशोदाअक्कांचं. आबांचं सगळं चित्त नदीत. गावाखाली नदीला एक मोठा डोह आहे. त्याच्या कडेला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ते गळ टाकायचे. जाळं त्यांनी कधी हातात धरलं नाही. जाळ्यात काय, आंधळ्यालाही मासा मिळतो, म्हणायचे. गळाला लागलेल्या मरळीशी त्यांची जी झटापट चाले ती मी पाहिली आहे. शिव्या देत, दातओठ खात, दोरी हाताला गुंडाळून ते तिला ओढायचे आणि काठावर आली की दगडाच्या एका घावात तिचं डोकं ठेचायचे. त्यात त्यांना दया वगैरे वाटत नसे. पण गळाला आलेलं पिल्लू मात्र ते सोडून द्यायचे, आणि सोडतानाही त्याला शिवी द्यायचे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आबांचं माशांशी सोडून सगळ्यांशी वैर होतं.

बायकोशीही होतं काय, असं कुणी विचारलं तर यशोदाअक्का स्वतःच सांगायच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आबांनी त्यांच्यावर हात उचलला. अक्का तेव्हा नदीवर धुणं धूत होत्या. हातात कपडे धोपटायची मोगरी होती. त्यांनी ती तशीच फिरवली. आबांचा वरचा दात पडला तो त्या दिवशी. "हाऊ मानूस बठ्ठं मारीसन दखस," अक्का मला म्हणाल्या होत्या, "मी बी मारीसन दखं. त्यानंतर काई हात उचला नही त्यानी." सगळं मारून बघणाऱ्या माणसाला त्यांनीही मारून बघितलं होतं. हे सांगताना आबा शेजारी बसून बिडी ओढत होते आणि दाताच्या फटीतून धूर सोडत होते. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी अक्का म्हणजे टिकाऊ चीज होती.

त्यांचं खरं वैर होतं पुतण्याशी. दिलीप त्याचं नाव, गावात दिल्या. धाकट्या भावाचा मुलगा, तिशीचा, अंगाने आडवा. विहिरींना सुरुंग लावणाऱ्या ट्रॅक्टरवर तो कामाला होता. खडक फोडायच्या कांड्या त्याच्या हाताशी असत आणि त्यातली एखादी वाचवून तो डोहात टाकायचा. वात पेटवायची, फेकायची, पाण्याचा खांब उठायचा आणि पाच मिनिटांत पोतंभर मासे पोट वर करून तरंगायला लागायचे. मोठे तो गोळा करायचा. बाकीचं सगळं पांढरं होऊन काठाला लागायचं, बोटाएवढी पिल्लं, अंडी भरलेल्या माद्या. दोन दिवस त्या काठाने जाववत नसे इतका वास सुटायचा.

पहिल्यांदा आबांनी हे पाहिलं तेव्हा ते काठी घेऊन धावले आणि दिल्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्यात हातवारे नव्हते, आरडाओरडा नव्हता. सरळ एक टोला, आणि हाड मोडल्याचा आवाज. दुसऱ्यांदा त्यांनी ट्रॅक्टरचे दिवे फोडले. तिसऱ्यांदा दिल्या तयारीत होता. त्याने आबांना काठावरच्या खडकावर पाडलं आणि बरगडीत लाथा घातल्या. गावाने सोडवलं तेव्हा दोघांच्याही तोंडातून रक्त येत होतं.

"नदी कोना बापनी शे?" दिल्या ओरडत होता.

"मना बापनी नही," आबा रक्त थुंकत म्हणाले, "पन तुना बापनी बी नही. आन तुना बाप मना भाऊ व्हता, हाई ध्यानमा ठेव."

हे असं चालू असताना आबांना साखर निघाली. त्या वयात खानदेशात निम्म्या लोकांना निघते, पण आबांची आधीच पायात उतरली होती. गळाचा आकडा त्यांच्या टाचेत रुतून बसला होता आणि किती दिवस रुतला होता हे त्यांनाच माहीत नव्हतं. अक्कांना पाय धुताना तो दिसला. जखम काही केल्या भरेना. जळगावच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, आबांना टोचल्याचं कळलं नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पाय कोरडा ठेवायचा. नदीच्या पाण्यात पुन्हा जखम भिजली, चिघळली, तर पाय कापावा लागेल.

तिथून बसने आले आणि उतरले ते थेट माझ्या दुकानात. अक्का मागे होत्या. आबा माझ्या स्टुलावर बसले, पायाची चिंधी सोडली, आणि मी खिळे ठोकायला ठेवलेली हातोडी उचलून आपल्या अंगठ्यावर मारली. मी ओरडलो. त्यांनी पुन्हा मारली. अंगठ्याचं नख फुटून रक्त आलं आणि ते त्याकडे दुसऱ्याचा पाय असावा तसे बघत होते.

"दख," ते मला म्हणाले. "काईच नही."

अक्कांनी त्यांच्या हातातून हातोडी हिसकावली आणि पहिल्यांदाच मी त्या बाईच्या डोळ्यात पाणी पाहिलं. मार खाऊनही जिला कळतच नाही अशी चीज आबांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटली होती, आणि ती त्यांच्याच अंगाला होती.

मग ते म्हणाले, "माले पानीमा जानं शे, आन कोल्लं बी ऱ्हानं शे. काय शे तुनापान?" पाण्यात जायचंय आणि कोरडंही राहायचंय, तुझ्याकडे काय आहे?

"पानीमा कसाले जावानं?" अक्का म्हणाल्या. "घर बसा ना."

"घर बसू ते मी मरी जासू," आबा म्हणाले. हे त्यांनी रागाने म्हटलं नाही, म्हणून मला खरं वाटलं.

आता असली वस्तू असते. छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे, खाली पाय बंद, पाणी आत न येऊ देणारी विजार. बाहेरगावचे हौशी मासेमार तिला वेडर म्हणतात. आबा शेवटपर्यंत तिला विजारच म्हणाले. माझ्याकडे त्यातली एकच होती, जाड रबराची, खाली बूट चिकटवलेले. गटारं साफ करणारे घालतात तसली. आबांनी ती खांबावर आपटली, बाभळीच्या फांदीवरून ओढली, काठीने झोडपली. रबर हूं की चूं करेना. आबा खूश होऊन घेऊन गेले.

चार दिवसांनी परत आले. वैशाख होता. आमच्याकडच्या वैशाखात उन्हात ठेवलेल्या लोखंडाला हात लावता येत नाही. त्यांनी ती विजार काउंटरवर उलटी केली आणि तिच्या पायांतून पाणी माझ्या बिलबुकावर सांडलं. घाणेरडा वास आला.

"फुटली?" मी विचारलं.

"नदीनं पानी नही ते," आबा म्हणाले. "मना घाम शे. तू माले शिजाडी ऱ्हायना का?"

त्यांनी पाय वर केला. जखमेच्या कडा पांढऱ्या फटक पडल्या होत्या, पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या. नदी बाहेर अडली होती आणि घामाने आतून काम केलं होतं. आबांनी रबराची ती विजार दोन हातांनी धरून दुकानाबाहेर भिरकावली. ती समोरच्या चहावाल्याच्या टपरीवर पडली आणि दुधाचं पातेलं कलंडलं. त्यावरून त्या दोघांची जी जुंपली ती वेगळी. चहावाल्याच्या नाकाला अजून त्याची खूण आहे.

मी मग पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्याने सांगितलं, असं कापड येतं की घामाची वाफ बाहेर जाते पण पाणी आत येत नाही. आबांना हे सांगितल्यावर त्यांना वाटलं मी त्यांना येडा बनवतोय. "एक बाजूनं जास, दुसरी बाजूनं येत नही? असं कोठे ऱ्हास?" मी म्हणालो, तसंच समजा. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "माठ." माठातलं पाणी बाहेर पाझरतं, म्हणून माठ गार राहतो. बाहेरचा पाऊस काही माठाच्या अंगातून आत शिरत नाही. त्यांचं त्यांनाच पटलं, आणि मला उदाहरण मिळालं. आजही मी गिऱ्हाइकाला माठच सांगतो.

पहिली आली ती अगदी पातळ होती, हाताला रेनकोटसारखी सळसळीत. आबांनी ती घालून दुकानातच बैठका मारल्या, म्हणाले हलकी आहे, चांगली आहे. मग बाहेर नेऊन वेड्या बाभळीच्या काट्यांवरून फरफटत आणली. त्यानंतर आत पाणी भरून ती माझ्या दुकानासमोरच्या निंबाला टांगली आणि खाली बसून राहिले. थोड्या वेळाने एका पायाच्या पोटरीवर थेंब दिसला. मग दुसरा. मग ती गळायला लागली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी ती झाडावरून न उतरवताच काठीने झोडपून तिच्या चिंध्या केल्या. ते बघायला शाळेतली पोरंसुद्धा जमली.

"पैसे भरलेत मी त्याचे," मी म्हणालो.

"चोरले दिन्हा व्हता तू पैसा," आबा म्हणाले. म्हणजे चोराला दिले होतेस.

पण त्या रागाच्या खाली भीती होती. ती मला दिसत होती. पायाला काटा लागला तरी त्यांना कळणार नव्हतं, विजार फुटली तरी पाणी आत आल्याचं कळणार नव्हतं. दुसऱ्या कुणाला गळकी विजार म्हणजे ओला मोजा. आबांना ती म्हणजे कापलेला पाय. म्हणून ते तिला असे मारत होते, जणू आधी तिला मारलं की ती नंतर दगा देणार नाही.

शेवटी जी आली ती योग्य होती. वरती एक पदर, मांडीपासून खाली कापडाचे जास्तीचे पदर, गुडघ्यावर ठिगळ, तळाला जाड मोजा चिकटवलेला आणि त्यावर घालायचे वेगळे बूट. शिवण आतून पट्टीने बंद केलेली. कमरेला रुंद पट्टा. आबांनी पट्टा बाजूला फेकला, "मी काय पोलीस शे?" म्हणाले. मी त्यांना समजावलं की खोल पाण्यात पाय घसरला तर वरून पाणी भरतं, विजारीची पखाल होते आणि माणूस तळाला जातो. पट्टा आवळला असला तर पाणी खाली उतरत नाही. त्यांनी तो पट्टा उचलून ताणला, खांबाला गुंडाळून हिसके दिले, आणि आपल्या कमरेला बांधला. ही विजार काट्यांवरून ओढली, निंबाला टांगली. जमिनीवर थेंब पडला नाही. उन्हात घालून ते बाजारभर हिंडले आणि पाय बाहेर काढला तो कोरडा होता. अक्कांनी आपल्या पदराने तो पुसून पाहिला, पदर कोरडाच राहिला.

तेवढ्यात आबांनी काठी उचलली. मी त्यांच्या आणि विजारीच्या मध्ये उभा राहिलो. "आबा, हिला मारायचं नाही. मारली की आतला पापुद्रा सुटतो. धुवायचीही नाही मोगरीने. पत्र्यावर वाळत घालायची नाही."

"मार खानार नही ती टिकी कशी?" आबांना खरंच कळेना. अक्का म्हणाल्या, "मी बी मार खादा नही. टिकनू ना?" तेव्हा कुठे काठी खाली आली. आबांनी काहीतरी न मारता घेतलं ते हे एकच.

पावसाळा सरला, नदी निवळली, आणि आबा पुन्हा डोहात उभे राहायला लागले. जखम सुकत आली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पाय वाचला. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. एका रविवारी मी मुद्दाम माझी गाडी काढून ती विजार पाण्यात कशी दिसते ते बघायला गेलो. सकाळचं ऊन होतं. आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, पट्टा आवळलेला, दात नसलेल्या फटीत बिडी. मला बघून त्यांनी पाय पाण्याबाहेर काढून दाखवला, घोडा दाखवावा तसा.

पलीकडच्या खडकावर दिल्या आला होता. एकटाच. हातात कांडी होती.

आबांनी ओरडून शिवी दिली. दिल्याने उलट शिवी दिली आणि वात पेटवली. वात त्याने आखूड कापली होती की ती ओली होऊन वाळलेली होती, कोण जाणे. फेकायला त्याने हात मागे नेला आणि हातातच धमाका झाला. माझ्या कानांत नुसती शिट्टी वाजत राहिली. धूर फाटला तेव्हा खडकावर कुणी नव्हतं. डोहाच्या मधल्या, काळ्या पाण्यावर लाल रंग पसरत होता. त्या दिवशी डोहातला एकही मासा मेला नाही.

आबांनी गळ टाकून दिला. दोन पावलं पुढे गेले तर पाणी छातीला आलं. त्या विजारीत पोहता येत नाही हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, मीच सांगितलं होतं. त्यांनी पट्टा सोडून दातात धरला. खांद्यावरचे पट्टे उतरवले, पण खाली नाड्यांचे बूट अडकले. मी काठावरून ओरडत होतो, "आबा, बाहेर या! मी गावातून माणसं आणतो!" त्यांनी मासे कापायची सुरी काढली आणि विजार वरपासून बुटाच्या नाड्यांसकट तळापर्यंत फाडली. एक पाय, मग दुसरा. त्या कापडाचा फाटण्याचा आवाज मला बंद झालेल्या कानांनीही ऐकू आला. मग ते उघड्या पायांनी त्या पाण्यात शिरले.

त्यांनी दिल्याला केसांना धरून आणला. काठावर ओढला तो मोठा वाम मासा ओढावा तसा. उजवा हात मनगटाच्या वर संपत होता. तिथे जे होतं ते मी लिहीत नाही. रक्त ठोक्याठोक्याने उडत होतं, आबांच्या मिशा लाल झाल्या होत्या. त्यांनी दातातला पट्टा काढला, दिल्याच्या दंडाला गुंडाळला, गुडघा त्याच्या छातीवर रोवून आवळला आणि बक्कल लावलं. पट्टा आधी हिसके देऊन पाहिलेलाच होता. तो सुटला नाही.

दिल्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. तेव्हा आबांनी त्याला मारायला सुरुवात केली. उलट्या हाताने, सुलट्या हाताने, गालांवर फाडफाड.

"डोया उघाड! मरू नको. तुले मारसू ते मीच मारसू. उघाड डोया!"

आम्ही त्याला गाडीत घातलं. जळगावपर्यंत आबा मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तो डोळे मिटायला लागला की मारत होते. मध्येच त्यांचा आवाज फुटला. मला आरशात दिसलं, ते रडत होते आणि मारत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी दिल्याचे सुजलेले गाल बघून विचारलं, याला मारलं कुणी? मी आबांकडे बोट दाखवलं. डॉक्टर नंतर म्हणाले की तो वाटेत झोपला असता तर उठला नसता.

दिल्या जगला. पोलिसांचं जे व्हायचं ते झालं, शिक्षाही झाली आणि ती तो भोगून आला. आबांच्या टाचेची जखम आठवड्यात काळी पडली. नदीतला चिखल, दगड, काय काय गेलं होतं आत. पाय गुडघ्याखालून कापला. मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेच्या लोखंडी कठड्यावर मुठी आपटत होते. मी म्हणालो, "आबा, फार वाईट झालं."

"पाय गया ते गया," ते म्हणाले. "इजार चांगली व्हती रे."

अक्का खाली बसून होत्या. त्या म्हणाल्या, "दिल्यासाठे फाडी त्यानी. ज्यानी बरगड्या मोड्यात त्यानासाठे." त्यांच्या आवाजात तक्रार होती, पण मोगरी उचलण्याइतकी नव्हती.

पुढे दीडेक वर्ष आबा दुकानात आले नाहीत. नकली पाय बसवला असं ऐकलं. पहिला पाय त्यांनी उंबऱ्यावर आपटून तपासला म्हणून तडकला आणि दुसरा घ्यावा लागला, हेही ऐकलं.

मग एका दुपारी दिल्या दुकानात आला. उजवी बाही दुमडून पिन लावलेली. मी ताठलो. तो खाली मान घालून म्हणाला, "ती इजार पाहिजे. तीच, पट्टावाली."

"कुणाला?"

"आबाले. एक पाय त्याना शे ना आजून. तो कोल्ला ठेवना पडस." मग म्हणाला, "पानीमा मी धरसू त्याले. एक हात शे मनापान."

मी विजार काढून काउंटरवर ठेवली. दिल्याने डाव्या हाताने ती उचलली आणि काउंटरवर आपटली. मी म्हणालो, "अरे, हिला मारायचं नसतं! आबांना विचार, त्यांना सांगितलंय मी."

"त्यानीच धाडं माले," दिल्या ओशाळून म्हणाला. "बठ्ठं मारीसन लई ये, सांगं." सगळं मारून बघूनच आण, असा हुकूम होता.

बाहेरून काठी आपटल्याचा आवाज आला. दुकानासमोर निंबाखाली रिक्षा उभी होती. तिच्या बाजूने एक नकली पाय आडवा बाहेर आला होता, त्याच्या वर पांढऱ्या मिशा, आणि त्याच्याही वर उगारलेली काठी. आबा दिल्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते माझ्या दुकानाच्या पाटीकडे बघत होते. त्या दोघांत असल्या हुकुमांपलीकडे बोलणं नव्हतंच, नंतरही नव्हतं असं अक्का सांगतात. नदीत गुडघ्याला गुडघा लावून उभे राहायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत.

दिल्याने विजार पुन्हा उचलली आणि हळूच, मला दिसेल अशी, काउंटरच्या कडेवर टेकवली.

रिक्षातून आबा गरजले, "जोरमा मार! हात शे का केळनं पान?"

मी बाजूला झालो. मला हसू येत होतं. दिल्याने दात आवळले आणि त्या एका हाताने विजार काउंटरवर अशी हाणली की माझी काच, तीच जुनी काच, मधोमध तडकली. विजारीला काही झालं नाही. बाहेर काठी खाली आली आणि रिक्षावाल्याच्या पाठीत बसली. "चाल," आबा म्हणाले, "नदीवर."

आबांना मी पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढच्या थंडीत ते गेले, झोपेत, कुणालाही न मारता. काच मी अजून बदललेली नाही.